गोळ्या तीन, तरी आकडा १६८: औषधांचे त्रास आणि दवाखान्याची धास्ती

बाई ५८ वर्षांच्या. बीपीचं निदान होऊन चार वर्षं झालेली. मधुमेह नाही, हृदयाचा आजार नाही. वडिलांना अर्धांगवायू झाला होता आणि शेवटची काही वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. हे त्यांनी पहिल्याच भेटीत, कुणी न विचारता सांगितलं. सोबत चिठ्ठ्यांची जाड फाइल, बीपीच्या आकड्यांनी भरलेली वही आणि एक ठाम वाक्य: "डॉक्टर, चौथी गोळी मी घेणार नाही. आहेत त्यांनीच माझा जीव नकोसा झालाय."

(प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी इथे एका व्यक्तीत गुंफल्या आहेत.)

चौथ्या गोळीचा सल्ला आधीच्या डॉक्टरांनी दिला होता आणि फाइल चाळली तर त्यात वावगं काही दिसत नव्हतं. टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन १० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे लघवीच्या गोळीसकट तीन औषधं चालू, आणि शेवटच्या भेटीतला आकडा १६८/९४. अशा वेळी 'औषधांना दाद न देणारं बीपी' असा शिक्का बसतो आणि पुढचं औषध सुरू होतं. पण तो शिक्का मारण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या असतात: गोळ्या खरंच घेतल्या जातात का, बीपी नीट मोजलं जातं का, आणि दवाखान्याबाहेर ते किती असतं. घाईच्या ओपीडीत नेमक्या याच तीन गोष्टी राहून जातात, कारण तिन्हींना वेळ लागतो आणि नवी गोळी लिहायला अर्धं मिनिट पुरतं.

चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्यावर

सुरुवात रॅमिप्रिलनं झाली होती. दीड-दोन महिन्यांत कोरडी ढास लागली, रात्री जास्त. खोकल्याची दोन औषधं झाली, छातीचा एक्स-रे झाला, तो स्वच्छ आला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि रॅमिप्रिल बंद होऊन टेल्मिसार्टन आलं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटाच्या औषधांनी ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात साठतं आणि त्यातून हा खोकला येतो. गोळी थांबवल्यावर तो सहसा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही रेंगाळतो. टेल्मिसार्टन, लोसार्टनच्या गटात हा प्रश्न फारसा येत नाही. बाईंचा खोकला गेला, पण 'बीपीच्या गोळ्या मला सोसत नाहीत' हे मनात बसलं ते बसलंच.

पुढे दवाखान्यात १६४ निघालं म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ जोडलं. पुढच्या खेपेला १६६, म्हणून त्याचं १० झालं. महिन्याभरात घोट्यांवर सूज. संध्याकाळी मोजे काढले की खोल वळ उठायचा आणि सकाळपर्यंत पुरता जायचा नाही. त्या सुजेसाठी, आणि बीपीलाही मदत होईल म्हणून, क्लोरथॅलिडोन आलं. सूज होती तिथेच राहिली. लघवीला जाणं मात्र वाढलं, आणि सकाळी उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

अ‍ॅम्लोडिपिनची सूज समजून घेण्यासारखी आहे. हे औषध पेशींकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा त्या मानानं सैल होत नाहीत. नळ पूर्ण सोडला आणि मोरी तेवढीच राहिली की पाणी तुंबतं, तसा द्रव घोट्यापाशी झिरपून साचतो. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीनं ही सूज सहसा हटत नाही. तिला उतार म्हणजे डोस कमी करणं, किंवा टेल्मिसार्टनसारखं शिराही सैल करणारं औषध सोबत असणं. डोसचा संबंध तर सरळ आहे: औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार ५ मिलिग्रॅमवर सुमारे ३ टक्के लोकांना सूज येते, १० वर सुमारे ११ टक्के. बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त.

म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी आली आणि दुसरीनं स्वतःचा त्रास आणला. प्रत्येक भेटीत, त्या दिवसापुरता, निर्णय समजूतदारच वाटतो. घोळ दिसतो तो सगळ्या चिठ्ठ्या एकापुढे एक ठेवल्यावर.

गोळ्या नियमित घेता का, या प्रश्नाला पहिलं उत्तर आलं 'हो'. प्रश्न जरा बदलून विचारला: "कुठली गोळी सगळ्यात जास्त नकोशी वाटते?" मग खरं निघालं. बाहेर जायचं असेल त्या दिवशी लघवीची गोळी टाळायची. पाय फार जड वाटले की अ‍ॅम्लोडिपिन अर्धी करायची. आणि दवाखान्याच्या आदल्या आठवड्यात सगळं अगदी काटेकोर घ्यायचं. "अर्धी घेतली की दुसऱ्याच दिवशी पाय हलके होतात," असं त्यांचं ठाम मत. पण अ‍ॅम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा जातो. एका अर्ध्या गोळीनं दुसऱ्या दिवशी पाय हलके होणं हा औषधाचा गुण नव्हे. हे मी त्यांना खोडून काढण्यासाठी सांगितलं नाही. बदल करायचा तर तो आठवडाभर तसाच ठेवून पाहायचा, एवढंच त्यातून ठरवून घेतलं.

गुडघ्यांसाठी त्या अधूनमधून डायक्लोफिनॅक घेत होत्या, हेही तेव्हाच कळलं. "ती काय बीपीची गोळी नाही, म्हणून सांगितलं नाही." या वेदनाशामकांनी बीपी वाढतं, सूज वाढते, आणि टेल्मिसार्टन व लघवीची गोळी सोबत असताना मूत्रपिंडावर ताण येतो. ती त्याच दिवशी बंद केली आणि गरज पडेल तेव्हा पॅरासिटॅमॉल घ्यायचं ठरलं.

वहीतलं एक पान

वही नीट आखलेली होती: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी. एका रात्रीचं पान असं: ११:४० ला १५८, ११:४४ ला १६६, ११:४७ ला १७३, ११:५१ ला १७९, ११:५५ ला १८४. पुढे लिहिलेलं, 'झोप नाही'. त्याच पानावर खाली सकाळी साडेसहाची नोंद ११८/७० आणि तिच्यापुढे पेनानं 'चूक?'

मला त्या १८४ पेक्षा हा 'चूक?' जास्त बोलका वाटला. वाढलेल्या आकड्यांवर त्यांनी एकदाही शंका घेतली नव्हती. नॉर्मल आकडा आला की यंत्र बिघडल्याचा संशय. "१८४ दिसला की मला वडील दिसतात," त्या म्हणाल्या. त्या रात्री दर चार मिनिटांनी पट्टा आवळून वाढत गेलेले आकडे त्यांच्या भीतीचे होते आणि रक्तदाबाचेही. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. भीतीनं दाब वाढतो, वाढलेला दाब पाहून भीती वाढते, आणि मधला पट्टा ते सगळं इमानेइतबारे नोंदवत राहतो.

पट्ट्याचाही हात होता. दंडाचा घेर मोजला तर ३५ सेंटिमीटर. यंत्रासोबतच्या पट्ट्यावर छापलेलं माप २२ ते ३२. पट्टा लहान असला की आकडा फुगून येतो. शिवाय पहिल्या दाबात यंत्राला नाडी नीट सापडली नाही, तर ते थांबून पुन्हा आणखी घट्ट फुगतं. बाई त्याला 'दुसरा आवळा' म्हणत. "तो दुसरा आवळा बसला की समजायचं, आज वाढलंय." म्हणजे आकडा दिसायच्या आधीच छातीत धडधड सुरू.

केबिनमध्ये

पहिल्या भेटीत मी बीपी सुरुवातीला घेतलं नाही. सगळं बोलणं झाल्यावर, मोठ्या पट्ट्यानं, नेहमीसारखं घेतलं: १७२/९४, नाडी १०८, तळहात गार. मग स्वयंचलित यंत्र लावून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, अशा अवस्थेत त्यांना पाच मिनिटं एकटं बसवलं. सिस्टर आणि मी दोघंही बाहेर. यंत्रानं मिनिटामिनिटाच्या अंतरानं तीनदा मोजलं: १५४, १४५, १३९.

नंतर झोपवून बीपी घेतलं आणि उभं करून पुन्हा. झोपून १३६/७८, उभं राहिल्यावर मिनिटाभरात ११०/७०. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं घसरला तर ती घसरण खरी धरतात. इथे २६ ची होती. सकाळच्या अंधारीचं उत्तर मिळालं. रक्तात सोडियम १३१ निघालं, जे १३५ च्या वर असायला हवं. क्लोरथॅलिडोनसारख्या गोळ्यांचा हा ओळखीचा दुष्परिणाम. थकवा, डोकं जड होणं, तोल जाणं हे सगळं त्यात बसतं. ईसीजी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी), लघवीतलं प्रथिन, डोळ्याचा पडदा ठीक होते. चार वर्षं बीपी खरोखर १६५ च्या आसपास राहिलं असतं तर यातलं काहीतरी बोललं असतं, असं मला वाटलं. पण वाटण्यावर गोळी कमी करत नाहीत.

म्हणून २४ तासांचं बीपी, ज्याला बीपी होल्टर म्हणतात, ते लावलं. त्या दिवशी गोळ्या ठरल्याप्रमाणे घ्यायच्या, कमी नाही की जास्त नाही. यंत्र लावताना दवाखान्यात १५९. घरी पोचल्यावर तासाभरात १३० च्या खाली. दिवसाची सरासरी १२६/७६, रात्रीची ११३/६६, चोवीस तासांची १२२/७३. उपचार पुरेसे आहेत का हे ठरवायला चोवीस तासांची सरासरी १३०/८० च्या खाली हवी असते. सकाळी गोळ्यांनंतर दोन तासांनी एक आकडा १०१ होता आणि डायरीत त्या वेळेपुढे 'भिंत धरली' असं लिहिलेलं होतं.

तीन गोळ्यांना दाद न देणारं बीपी म्हणून जे दिसत होतं, त्यात गोळ्या जरा जास्तच काम करत होत्या. दवाखान्यातला आकडा डोस वाढवत होता, आणि वाढलेल्या डोसचे त्रास बाईंना पुढच्या भेटीला आणखी घाबरवून पाठवत होते.

'म्हणजे मला बीपी नाहीच?'

हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर जपून द्यावं लागतं. त्यांना बीपी आहे. गोळ्या चालू असताना घरचं बीपी नॉर्मल आहे आणि दवाखान्यात ते उसळतं. गोळ्या न घेता दवाखान्यात वाढतं आणि घरी नॉर्मल असतं ती अवस्था वेगळी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, गोळ्या न घेणाऱ्या अशा लोकांत हृदयविकाराचा धोका काहीसा वाढलेला दिसला. गोळ्या घेणाऱ्यांत, घरचं बीपी ताब्यात असेल तर, तशी वाढ दिसली नाही. बाई दुसऱ्या गटातल्या. उलटाही प्रकार असतो, दवाखान्यात छान आणि घरी जास्त. मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

दवाखान्यात आकडा उसळणं हा मनाचा कमकुवतपणा नाही, हे सांगायला १९८३ चा इटलीतला एक प्रयोग कामी येतो. रुग्णालयातल्या रुग्णांच्या धमनीत नळी ठेवून सतत दाब नोंदवला जात होता. डॉक्टर खोलीत येऊन बीपी घेऊ लागले की वरचा आकडा सरासरी २७ नं चढायचा आणि पहिल्या चार मिनिटांतच शिखर गाठायचा. दहा मिनिटांनी बराच खाली यायचा. नंतरच्या अभ्यासात डॉक्टरऐवजी नर्स आली तेव्हा ही वाढ जवळपास निम्मीच दिसली. बाई हसल्या. "मग तुम्ही बाहेरच थांबत जा." तेच पुढे नियम म्हणून ठरलं.

त्रासांचीही उजळणी झाली. सूज, अंधारी आणि थकवा औषधांच्या खात्यावर. पण कानात शिट्टी, बोटांना मुंग्या, जिभेला विचित्र चव, हे गोळीच्या खोक्यातला कागद वाचल्यावर सुरू झालेलं होतं. हेही खोटं नसतं. २००३ च्या एका अभ्यासात अ‍ॅटेनोलॉल हे बीपीचं औषध घेणाऱ्या पुरुषांत, औषध कुठलं हे माहीत नसलेल्यांपैकी ३ टक्के जणांनी लैंगिक दुर्बलतेची तक्रार केली. औषध माहीत होतं त्यांच्यात १६ टक्के, आणि औषधासोबत हा दुष्परिणामही सांगितला होता त्यांच्यात ३१ टक्के. अपेक्षेनं त्रास होतो आणि तो खराच जाणवतो. त्यावर गोळी बदलणं हा उपाय नसतो, एवढंच. एका गोष्टीत मात्र हयगय नको म्हणून बजावलं: ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर वाट न पाहता तातडीच्या उपचारांना जायचं. रॅमिप्रिलच्या गटात हे दुर्मीळ पण जिवावर बेतणारं असतं, टेल्मिसार्टनच्या गटात त्याहून दुर्मीळ.

बदल, एका वेळी एकच

पहिल्यांदा क्लोरथॅलिडोन थांबवलं, बाकी काही हलवलं नाही. दोन आठवड्यांनी सोडियम १३७, अंधारी गेलेली, सूज तशीच. मग अ‍ॅम्लोडिपिन १० वरून ५. सूज उतरायला तीन आठवडे लागले आणि त्यातला पहिला आठवडा बाईंनी 'काही फरक नाही' म्हणून फोनवर काढला. घरची सरासरी मात्र १३६/८३ वर गेली. घरच्या मोजणीची सीमा १३५/८५. वरचा आकडा तिच्या पलीकडे. तेव्हा टेल्मिसार्टन ४० चं ८० केलं, आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम पाहिलं. ते ठीक. सरासरी १२८/७८ वर स्थिरावली.

गोळी रात्री घ्यावी का, असं त्यांनी विचारलं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१ हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले; सकाळी घ्या की रात्री, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. जी वेळ लक्षात राहते ती चांगली. त्यांनी सकाळचीच ठेवली.

भीतीचं काम यापेक्षा संथ चाललं. आधी मोजण्यावर मर्यादा: दवाखान्यात येण्यापूर्वीचे सात दिवस, सकाळी गोळीआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर अंतर. लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं बसायचं, बोलायचं नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. एरवी यंत्र कपाटात. हे त्यांना फार जड गेलं. रात्री घाबरल्यावर मोजायचं नाही म्हणजे काय करायचं, याचं उत्तर हवं होतं, म्हणून ते लिहूनच दिलं: छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काही असेल तर न मोजता थेट रुग्णालयात. यातलं काही नसेल तर मोजायचं नाही. चुकून मोजलं आणि १८० च्या वर दिसलं तर दहा मिनिटं बसून फक्त एकदा पुन्हा. तरी तेवढंच असेल तर फोन.

यंत्र आकडे साठवून ठेवतं, म्हणून पडद्यावर रुमाल टाकून मोजायचं आणि आठवड्याच्या शेवटी मुलीनं आकडे उतरवायचे, ही युक्ती सगळ्यात उपयोगी पडली. त्याआधी काही दिवस पट्टा नुसता बांधून, बटण न दाबता बसायचं. मोठ्या पट्ट्यानं 'दुसरा आवळा' जवळजवळ बंद झाला. संथ श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास, सोडताना जास्त वेळ: याचा फायदा झाला, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. केबिनबाहेर बसून श्वास मोजताना त्यांचं लक्ष पुन्हा छातीकडेच जायचं.

दवाखान्याच्या दिवशी अल्प्राझोलॅमची, म्हणजे धास्ती कमी करणारी, अर्धी गोळी घ्यायचा सल्ला त्यांना एका नातेवाइकानं दिला होता. मी नको म्हटलं. तिनं त्या दिवशीचा आकडा उतरला असता, पण सवय लागली असती आणि तोल आणखी बिघडला असता. धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ करणारं औषध, देण्याचाही मोह होतो. बाईंना त्याचं दुसरं काही कारण नव्हतं, थकवा आधीच होता, आणि ते औषध लहर लागेल तेव्हा एकदम बंद करता येत नाही. गोळ्या अर्ध्या करण्याची सवय असलेल्या माणसाला ते देताना मी दहादा विचार करतो.

सध्याची स्थिती

औषधं दोन: टेल्मिसार्टन ८०, अ‍ॅम्लोडिपिन ५. घोटे संध्याकाळी थोडे भरतात, वळ उठत नाही. उभं राहिल्यावर घसरण ८ ची. केबिनमध्ये आकडा अजूनही १५० च्या घरात येतो आणि तो येत राहील असंच दिसतं. कागदावर दोन्ही आकडे लिहिले जातात, खाली स्पष्ट शेरा: डोस घरच्या सरासरीवरून ठरवावा.

हा शेरा मोतीबिंदूच्या वेळी उपयोगी पडला. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत नव्या जागी, अनोळखी माणसांत, १७४/९० निघालं आणि तारीख पुढे ढकलायचं बोलणं सुरू झालं. बाईंनी सात दिवसांच्या नोंदी आणि होल्टरचा अहवाल पुढे केला. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: आधीच्या वर्षभरातल्या नेहमीच्या नोंदी १६०/१०० च्या खाली असतील तर केवळ त्या दिवशीच्या वाढीव आकड्यासाठी नियोजित शस्त्रक्रिया थांबवू नये. तिथल्या भूलतज्ज्ञांनी कागद पाहिले, पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं, १५८ आलं, आणि शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली.

सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन वर्षातून एकदा पाहायचं आणि होल्टरही वर्षानं पुन्हा लावायचा असं ठरलंय. त्यासाठी फोनवर वेळ घेताना त्यांनी सिस्टरना आधी एकच गोष्ट विचारून घेतली: "मोठा पट्टा आहे ना तुमच्याकडे?"